पथ्याचं घर

माझ्या सासरी बायका पालेभाजी निवडायच्या, धुवायच्या, चिरायच्या, शिजवायच्या आणि वाढायच्या. खायच्या मात्र नाहीत. लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यातच हे माझ्या ध्यानात आलं आणि मला ते फार खानदानी वाटलं. आज त्या वाटण्याचीच किळस येते, पण तेव्हा वाटलं होतं हे खरं आहे.

माझं माहेर तळा गावाकडचं, डोंगराच्या अंगाचं. देश स्वतंत्र झाला तेव्हा मी चौथीत होते. चौथी संपली आणि शाळाही संपली. त्यानंतर पाच-सहा वर्षांनी मला नागावच्या बाजूला दिली. माहेरी पाऊस लागला की आई टाकळा, कुर्डू, भारंगी असं जे मिळेल ते खुडून आणायची आणि आम्ही सगळे एकाच टोपातलं खायचो. पोटुशी बाईही तेच खायची, बाळंतीणही तेच आणि अंगावर पाजणारीही तेच. पथ्य पाळायला आधी घरात दुसरं काहीतरी असावं लागतं. आमच्याकडे दुसरं काही नव्हतं, म्हणून पथ्यही नव्हतं. एवढ्या एका कारणाने माझी आई सात बाळंतपणांतून धडधाकट उठली. मला मात्र तिची लाज वाटायची.

सासर खातंपितं होतं. खाडीच्या बांधाआड भाताची जमीन, घरामागे नारळ-सुपारीची लहानशी वाडी, दारात म्हैस. माझा नवरा आणि माझे थोरले दीर दोघेही मुंबईला गिरणीत. घरी सासरे, सासूबाई, माझी थोरली जाऊ, तिची एक मुलगी आणि मी. सासूबाईंना मी आत्या म्हणायची आणि जावेला बाय. ती मला धाकटे म्हणायची.

आत्यांचं पथ्य पोथीसारखं होतं. दिवस गेलेल्या बाईने पाला खायचा नाही, पाला थंड, पोटातल्या मुलाला कफ होतो. बाळंतिणीने तर नावच काढायचं नाही, तिला चाळीस दिवस भात, तूप आणि मिऱ्याचं पाणी. अंगावर पाजणारीने खाल्ला तर मुलाला हिरवी शी होते. श्रावणात कुणीच खायचा नाही. आता बाईचं एक मूल अंगावर पीत असतानाच दुसऱ्याचे दिवस जायचे, म्हणजे पथ्य सुटायची वेळच यायची नाही. बायने मला एकदा हसत हसत सांगितलं होतं, या घरात आल्यापासून आठ वर्षांत तिने शेवग्याचा पाला चाखला तो फक्त मीठ बघण्यापुरता.

आणि पुरुष तरी काय खात होते? भाजी आधी भांडंभर पाण्यात उकळायची, मग धुणं पिळावं तशी दोन्ही हातांनी पिळायची. ते हिरवंगार पाणी म्हशीला. पिळलेला चोथा लसणावर परतून पुरुषांना. आमच्या घरात सगळ्यात तजेलदार कोण असेल तर ती म्हैस. पुढे कितीतरी वर्षांनी एका नर्सने मला समजावलं की रक्ताला लागणारं बरंचसं त्या पाण्यातच जातं. तिने त्याला फॉलिक अ‍ॅसिड असं नाव सांगितलं. मी ऐकून घेतलं. त्या वयात नाव कळून काय करायचं होतं?

मासळीचंही तेच. कोळणी दारावर यायच्या, मासळी घेतली जायची, तुकडे पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात. आम्ही शेवटी बसायचो आणि टोपात उरलेल्या कालवणात भात कालवायचो. त्यावर चहा. चहा मुंबईच्या माणसांनी घरात आणला आणि बायकांनी तो उचलून धरला, कारण भूक मारायला त्याच्यासारखं काही नव्हतं. जेवणाच्या पाठोपाठ कपभर काळाकुट्ट चहा प्यायचा की पोट भरल्यासारखं वाटायचं. त्या चहाने अन्नातलं उरलंसुरलं लोहही अंगी लागत नाही, हेही त्या नर्सनेच सांगितलं. शिवाय चार महिने आम्ही अनवाणी चिखलात. बोटांच्या बेचक्यांत खाज सुटायची. आम्ही म्हणायचो चिखल्या झाल्या, आणि कडू तेल लावून मोकळ्या व्हायचो. त्या चिखलातून जंत पायावाटे अंगात शिरतात आणि आतून रक्त पितात, हे आम्हाला कोण सांगणार?

हे सगळं आम्हा सगळ्यांच्याच वाट्याला होतं. पण बायच्या वाट्याला आठ वर्षांची बाळंतपणंही होती. पहिली मुलगी जगली. दुसरं राहिलं नाही. तिसरी मुलगी सहा महिन्यांची होऊन गेली. आणि आता चौथी वेळ होती. माझी मात्र चार वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती.

बाय किहीमची. माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी. माझं या घरात कुणी असेल तर तीच. आत्यांची नक्कल ती अशी करायची की मी तोंडात पदर कोंबायची. मला चुलीपासून बांधापर्यंत सगळं तिने शिकवलं. आणि तरी मी तिच्यावर जळत होते. एक तर तिला दिवस जात होते. दुसरं म्हणजे ती गोरी होत चालली होती.

हो, गोरी. विहिरीवर बायका तिच्याकडे बघत राहायच्या. "काय गो, रंग काय उघडलाय तुजा! प्वार गोरा होनार बघ." आत्यांची मान ताठ व्हायची. मी तव्याच्या बुडासारखी काळी, मी हंडा भरून गुपचूप चालू लागायची. बायचे ओठ पांढरे, नखं पांढरी, तळहात पांढरे. आख्ख्या गावात एकालाही ते दिसलं नाही. सगळ्यांना दिसला तो रंग.

मग तिला मातीचे डोहाळे लागले. चुलीची भाजकी माती ती नखाने काढून खायची, कच्चे तांदूळ मूठमूठ चावायची. आत्या आनंदल्या. "मातीचं डोहालं हायत, जमीन राखनारा झील व्हनार." हंडा घेऊन येताना बाय वाटेत दोनदा टेकायला लागली. छातीत धडधडतं म्हणाली. आत्या म्हणाल्या, मुलगा अंगात जड असतोच. काहीही झालं तरी आत्यांकडे त्याचं चांगलंच कारण असायचं.

लावणीत बाय चिखलात आडवी पडली. दोघींनी धरून बांधावर आणली तरी डोळे उघडेना. तेव्हा सासरे म्हणाले, दवाखान्यात न्या. तालुक्याच्या गावी सरकारी दवाखाना होता, तिथे डॉक्टरीणबाई होती. आम्ही तिघी बैलगाडीने गेलो. तेव्हा औषधासाठी आपली बाटली घरून न्यावी लागायची. आत्यांनी खोबरेल तेलाची बाटली राखेने घासून घेतली होती. डॉक्टरीणबाईने बाटलीकडे बघितलंच नाही. तिने बायच्या डोळ्याची खालची पापणी बोटाने ओढली आणि आत्यांना म्हणाली, "हे बघा. हे आतून लाल असायला हवं. हिच्या अंगात रक्तच नाही. काय खायला घालता तुम्ही हिला?"

आत्या बाटलीचं बूच घट्ट करत बसल्या. मग डॉक्टरीणबाईने सांगितलं की पालेभाजी, कलेजी, अंडी, गूळ असं सगळं द्या, आणि कागदाच्या पुड्यांतून रक्ताच्या गोळ्या दिल्या. रोज तीन, जेवणावर. मला शब्दन् शब्द कळला. आत्यांना फक्त एवढंच कळलं की परक्या बाईने सुनांसमोर आपलं घर काढलं. गाडीत त्या म्हणाल्या, "आमच्या घरान उपाशी ठेवतान म्हन! तिच्या घरान कोन पाला खातंय तं खाऊ दे." झालं. पालेभाजीचा विषय तिथेच संपला.

गोळ्या मात्र बायने सुरू केल्या. दहा-बारा दिवस घेतल्या असतील. मग एका सकाळी परसाकडला खाजणाच्या कडेला गेलो असताना तिने मला हळूच सांगितलं, "धाकटे, काळं व्हतंय गो. डांबरासारखं." गोळ्यांतल्या लोहाने शी काळी होतेच, पण ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. मला म्हणाली, कुणाला सांगू नको.

मी सांगितलं. त्याच दुपारी, तांदूळ निवडताना, आत्यांना सांगितलं. काळजीने सांगितलं की आत्यांची मर्जी मिळवायला सांगितलं, हे मला आजही ठरवता येत नाही. मनाला बरं वाटावं म्हणून काळजीने असं म्हणते. पण तेव्हा आत्यांनी माझ्याकडे वळून, "बरा केलास सांगितलास," म्हटलं आणि मला जो आनंद झाला तो काळजी करणाऱ्या माणसाला होत नाही.

आत्यांचं गणित सरळ होतं. गोळ्या पोटात गेल्या की सगळं काळं होतं, तर पोटातलं मूल कसं गोरं राहील? जळून कोळसा व्हायचं. त्यांनी फळीवरच्या पुड्या उचलल्या. पण सरकारने दिलेली वस्तू फेकून देणं त्यांच्या जिवावर आलं. आमच्याकडे माड रोडावला की त्याच्या आळ्यात मीठ घालतात, गंजके खिळे पुरतात, माडाला लोखंड मानवतं म्हणून. आत्या पुड्या घेऊन वाडीत गेल्या, न धरणाऱ्या एका माडाचं आळं खुरप्याने उकरलं, गोळ्या ओतल्या आणि वर माती ओढली. माडाला लोखंड लागतं हे आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं. बाईला लागतं हे ठाऊक नव्हतं. बाय पडवीतून बघत होती. मला म्हणाली, "माडाला दिवस गेलं बघ," आणि हसली. मीही हसले. त्या हसण्याबद्दल मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढच्याच आठवड्यात टाकळा ऐन भरात होता. मी चिरायला बसले होते. बाय शेजारी येऊन टेकली आणि म्हणाली, "पिळायच्या आदी वाटीभर दे ना गो. जीव लय ओढतंय." मी माझ्या आईचा टाकळा खाऊन वाढलेली. त्याने मुलाला काही होत नाही हे त्या घरात जर कुणाला माहीत होतं तर ते मला. मी म्हटलं, "नको बाय, आत्या बोलतील." ती उठून गेली. मी भाजी पिळली आणि पाणी म्हशीपुढे ठेवलं.

गणपती गेल्यावर पाय सुजले म्हणून बायला पुन्हा दवाखान्यात नेली. सातवा महिना होता. डॉक्टरीणबाईने तिची पापणी ओढली आणि चमकली. मागच्या खेपेपेक्षाही पांढरी होती. तिने विचारलं, "गोळ्या घेतल्या ना?"

बाय खाली बघत राहिली. आत्या भिंतीकडे. डॉक्टरीणबाईने माझ्याकडे बघितलं, कारण लिहिता-वाचता येणारी मीच होते, केसपेपरावरचं नाव मागच्या वेळी मीच वाचून दाखवलं होतं. "तुम्ही सांगा. घेतल्या का?"

मी म्हटलं, "हो. सगळ्या."

हे मला कुणी पढवलं नव्हतं. आत्यांनी खूण केली नाही, कोपर मारलं नाही. घराची अब्रू झाकायची म्हणून तोंडातून आपोआप गेलं. चार वर्षांत मी त्या घरची इतकी पक्की झाले होते. डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून बसली. मग म्हणाली, गोळ्या घेऊनही रक्त उतरत चाललंय म्हणजे हे साधं नाही, दुसरं काहीतरी आहे, इथे त्याच्या तपासण्या होत नाहीत. तिने मुंबईच्या मोठ्या इस्पितळाच्या नावाने चिठ्ठी लिहिली. "उशीर करू नका. याच आठवड्यात न्या," म्हणाली.

मुंबई! धरमतरला जा, लाँच पकडा, पलीकडे उतरून पुन्हा कुठे कुठे विचारत फिरा, आणि तेही सातव्या महिन्यातल्या बाईला घेऊन. सासरे म्हणाले, थोरल्याला कळवा. पोस्टकार्ड मीच लिहिलं. दिरांचं उत्तर पंधरा दिवसांनी आलं की दिवाळीला रजा मिळेल, तेव्हा येऊन घेऊन जातो. त्यात त्यांचीही चूक म्हणवत नाही. पत्रात मी "डॉक्टर म्हणतात मुंबईला दाखवा" एवढंच लिहिलं होतं. बायला चार पावलं चालवत नाही, हे लिहिलं नव्हतं. कार्ड वाचून दाखवावं लागणार होतं ना आत्यांना.

दिवाळीआधीच, कापणीच्या दिवसांत, ती बाळंत झाली. महिनाभर आधी. सकाळी कळा लागल्या आणि ऊन डोक्यावर यायच्या आत मोकळी झाली. मुलगा. आत्यांनी दारात ताट वाजवलं. सुईण आतून म्हणाली की रक्त थोडं जास्त जातंय पण भ्यायचं काम नाही, एवढं तर सगळ्यांचंच जातं. ती खोटं बोलत नव्हती. मी पुढे कितीतरी बाळंतपणं बघितली, तेवढं सगळ्यांचंच जातं. सगळ्यांकडे घालवायला तेवढं असतं. बायकडे नव्हतं.

दुपारी तिने पाणी मागितलं. मी चमच्याने घातलं. तिने विचारलं, "झील कसा हाय?" मी म्हटलं, तुझ्यासारखा. खरं तर तो चांगला सावळा होता. तिसऱ्या चमच्याचं पाणी ओठावरून खाली आलं आणि मला वाटलं ती झोपली. सासऱ्यांनी गाडी जुंपायला घेतली होती. ती तशीच राहिली.

मुलगा जगला. बायच्या आईने त्याला किहीमला नेलं, शेळीच्या दुधावर वाढवलं. आत्या सुतकात आल्यागेल्याला सांगत राहिल्या की पोरीचं नशीबच तोकडं, आम्ही काय कमी केलं, दवाखान्यात दोनदा नेली. लोक मान डोलवायचे. मी त्यांना चहा द्यायची.

पुढच्या वर्षी मला दिवस गेले. मी स्वतःहून म्हटलं की मला दवाखान्यात जायचंय, आणि नवऱ्याला रजा होती म्हणून त्याच्याबरोबर गेले. त्याला मी बाहेर बसवलं. डॉक्टरीणबाईने मला ओळखलं. बायचं विचारलं. मी सांगितलं. मग तिने माझी पापणी खाली ओढली आणि तिची बोटं डोळ्याशी असतानाच मी म्हटलं, "बाई, तिने गोळ्या घेतल्या नव्हत्या. आम्ही पुरून टाकल्या. मी खोटं बोलले."

मला वाटलं ती ओरडेल. मी ओरडा खायलाच गेले होते. ती खुर्चीत बसली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "माझ्याकडे इंजेक्शनं होती लोहाची. गोळ्या घेतल्या नाहीत असं सांगितलं असतंत तर मी तिला त्याच दिवशी ठेवून घेतलं असतं. मुंबईला कशाला पाठवली असती?" तिने मला गोळ्यांच्या पुड्या बांधून दिल्या. देताना माझ्या तोंडाकडे बघितलं नाही.

घरी येऊन मी परसातल्या शेवग्याचा पाला ओरबाडला. उकळला नाही, पिळला नाही, मूठभर सुकट घालून तसाच परतला. पुरुषांची पानं व्हायच्या आत, भर स्वयंपाकघरात, आत्यांच्या समोर पाट घेऊन बसले आणि टोप पुढ्यात ओढला. त्या टोप उचलतील, शिव्या देतील, नवऱ्याला हाक मारतील, माझी सगळी उत्तरं तयार होती. दवाखान्यापासून घरापर्यंत मी तीच घोकत आले होते.

आत्यांनी बघितलं. मग पाठ फिरवली आणि भाकरी थापायला लागल्या. थोड्या वेळाने माझ्या पानात एक गरम भाकरी येऊन पडली. त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, दुसऱ्या दिवशी नाही, महिनाभर नाही. मी रोज पाला खाल्ला, गोळ्या खाल्ल्या, मला तीन मुलं झाली, तिन्ही जगली. माझा हात कुणी धरला नाही. म्हणजे त्या दिवशी मी बायला वाटीभर टाकळा दिला असता, तरीही कुणी धरला नसता.